बंगळुरूत राहायला येताय? आभाळाआधी घड्याळ बघा

पुण्या-मुंबईकडून रात्रीच्या बसने येणारा माणूस पहाटे तुमकूरच्या आसपास जागा होतो, चादर गळ्यापर्यंत ओढून घेतो आणि ठरवून टाकतो की बंगळुरू म्हणजे थंड हवेचं ठिकाण. मीही तेच ठरवलं होतं. बॅगेत दोन जाड स्वेटर होते, कानटोपी होती. छत्री नव्हती, कारण महिना एप्रिल. पहिल्या पंधरा दिवसांत स्वेटर बाहेर निघाले नाहीत आणि मी दोनदा चिंब भिजलो. त्या एप्रिलमध्ये कुणी मला चार गोष्टी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं. नोकरीसाठी, शिक्षणासाठी, किंवा लेकीच्या बाळंतपणाला म्हणून इथे येणाऱ्यांसाठी त्या आता मीच सांगतो.

पहिलं काम: डोक्यातलं कॅलेंडर उतरवा

चार महिने उन्हाळा, चार महिने पावसाळा, चार महिने हिवाळा हा शाळेतला हिशोब इथे लागत नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे, म्हणजे पुण्याच्या वर साडेतीनशे मीटर. उंची आपल्या पाचगणीएवढी नाही, पण दुपारचा पारा खाली ठेवायला पुरेशी आहे. पश्चिमेकडचा घाट इथून लांब आहे. जून-जुलैत अरबी समुद्रावरून येणारे ढग आपलं बरंचसं पाणी घाटावरच टाकून येतात. इथवर पोचतो तो वारा, मळभ आणि भुरभुर. पूर्वेला चेन्नई सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आत. त्यामुळे बंगालच्या उपसागरात काही खुट्ट झालं की इथलं आभाळ भरून येतं. दोन्ही समुद्रांपासून लांब, आणि दोन्हींकडचं थोडं थोडं वाट्याला येणारं हे गाव.

वर्षाचा पाऊस सरासरी ९७५ मिलिमीटरच्या आसपास. पुण्यापेक्षा थोडा जास्त, मुंबईच्या निम्म्याहून कमी. फरक आहे तो वाटणीत. पुण्याचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात पडून मोकळा होतो. इथला एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत पसरलेला असतो आणि सगळ्यात जास्त पडतो सप्टेंबरात, दोनशे मिलिमीटरच्या पुढे. जुलैत गावाकडून फोन येतो, "काय, पाऊस कसा आहे?" आणि इथे नुसती रिपरिप चालू असते. गणपती उठतात तेव्हा खरा पाऊस सुरू होतो. आपल्याकडे हस्ताच्या पावसाला हत्ती म्हणतात. तो हत्ती इथे दरवर्षी नेमाने येतो, बऱ्याचदा आउटर रिंग रोडवर.

वर्ष साधारण असं जातं. फेब्रुवारीच्या मध्यापासून दुपारी ऊन चावायला लागतं. मार्च कोरडा, रस्ते धुळीचे, झाडांवर मात्र फुलांची चंगळ. एप्रिल सगळ्यात तापलेला, दुपारचा पारा सरासरी चौतीसच्या घरात. नागपूरकर ऐकून हसतील, हसू देत. एप्रिलच्या मध्यापासून मे संपेपर्यंत वळीव. जून ते ऑगस्ट ढगाळ आणि वाऱ्याचे, दुपारी २८ अंश, पंखासुद्धा नको. सप्टेंबर-ऑक्टोबर पुन्हा गडगडाट आणि मोठा पाऊस. नोव्हेंबरात उपसागरातल्या वादळांवर सगळं अवलंबून. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पंधरा-सोळा, दुपारी लख्ख ऊन. थंडीसाठी पुणं इथल्यापेक्षा कडक आहे, हे पुणेकरांना पटायला एक हिवाळा जावा लागतो.

उन्हाळा आपल्याआधी का येतो आणि आपल्याआधी का संपतो, याचं उत्तर डोक्यावर आहे. अक्षांश तेराच्या आसपास असल्यामुळे सूर्य इथे वर्षातून दोनदा बरोबर माथ्यावर येतो, २४ एप्रिलच्या सुमाराला आणि पुन्हा १८ ऑगस्टच्या सुमाराला. पुण्यात पहिली वेळ मेच्या मध्याला येते. त्या दिवशी सव्वाबाराच्या जरा पुढे मोकळ्या जागेत पाण्याची बाटली उभी करून बघा, सावली बाटलीच्या बुडाखाली नाहीशी होते. शहरातला आजवरचा सर्वाधिक पारा, ३९.२ अंश, नोंदला गेला तोही २४ एप्रिललाच, २०१६ साली. ऑगस्टमध्ये तोच सूर्य तसाच माथ्यावर असतो, पण मध्ये ढगांची गोधडी असते.

पंचांग मात्र बदलावं लागत नाही. कानडी महिने आपल्यासारखेच अमावास्येला संपतात आणि युगादी म्हणजे आपला पाडवा. पावसाची नक्षत्रंही तीच. भरणीचा पाऊस आला तर धरणीभर पीक, अशी इथल्या शेतकऱ्यांची म्हण आहे. भरणी येते एप्रिलच्या शेवटी. आपल्याकडे ज्याला अवकाळी म्हणून कपाळाला हात लावतात, त्याची इथे वाट बघतात.

चार शब्द शिका, निम्मी अडचण संपते

पावसाला कन्नडमध्ये म्हणतात मळे. छत्रीला कोडे. उन्हाला बिसिलु, थंडीला चळि, ढगाला मोडा, उकाड्याला सेके. तलावाला केरे. वीज गेली तर "करंट होगिदे". आणि घरमालक मोठ्या अभिमानाने "आमच्याकडे संप आहे" म्हणाला तर दचकू नका. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीला इथे संप म्हणतात.

माझं शिक्षण शेजारच्या अज्जींनी केलं. एप्रिलची दुपार, अडीच वाजलेले, आभाळ निळंशार. मी गच्चीत कपडे वाळत घालत होतो. अज्जी जिन्यातून म्हणाल्या, "मळे बरुत्ते, बट्टे तेगीरी." मला वाटलं कुणाच्या तरी मळ्याबद्दल काही सांगतायत. मी मान डोलावली आणि खाली आलो. सव्वाचारला पहिला थेंब पडला, रुपयाएवढा. पाच मिनिटांत गारा, दहा मिनिटांत वीज गेली, आणि माझा ऑफिसचा शर्ट समोरच्या नारळाच्या झावळीत. पाऊस येणार, कपडे काढा, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. पुढे विचारलं की तुम्हाला कळलं कसं, तर म्हणाल्या, दुपारपासून एक पान हललं नाही आणि पूर्वेला ढग उभे राहिलेत. आडवे नाही, उभे. तेव्हापासून मी गच्चीच्या पूर्व कठड्याशी जाऊन बघतो. मोबाईलपेक्षा हे बरं चालतं.

दुपारी तीन ते रात्री नऊ

या शहरात महिना कुठला यापेक्षा वाजलेत किती हे जास्त महत्त्वाचं. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या दोन्ही मोसमांत पावसाचा ठरलेला रिवाज असा: सकाळ स्वच्छ, बारापर्यंत ऊन, दोननंतर कोंदट, चार ते नऊच्या मध्ये केव्हातरी कोसळणं, दहाला चांदणं. दिवसभर जमीन तापते, दमट हवा वर चढते, उंचावर जाऊन थंड होते आणि ढगांचे मनोरे उभे राहतात. उन्हाळ्यात मराठी पेपरांत वाचलेलं असतं, "मराठवाड्यापासून अंतर्गत कर्नाटकमार्गे तमिळनाडूपर्यंत कमी दाबाचा पट्टा". तो पट्टा लातूर-नांदेडला गारा टाकतो आणि खाली इथेही ढग उभे करतो. गावी द्राक्षबागेचं नुकसान झाल्याची बातमी आली की मी इथे रेनकोट डिकीत टाकतो.

यातून निघणारे नियम सोपे आहेत. बँक, भाजी, सिलिंडर, मुलांचा डॉक्टर, जे बाहेरचं काम असेल ते दुपारी तीनच्या आत उरका. ऑफिसातून एकतर चारच्या आधी निघा, नाहीतर पाऊस संपल्यावर अर्धा तास थांबून निघा. वळीव तासाभराच्या वर सहसा टिकत नाही. चहा पिऊन थांबलेला माणूस भिजत निघालेल्याच्या आधी घरी पोचतो, हे मी पैजेवर दाखवलं आहे. पाऊस सुरू होताच रिक्षा आणि कॅबचे दर वर जातात, मग एकही मिळेनाशी होते. मेट्रोच्या जवळ राहत असाल तर सुटलात. जांभळी लाइन २०२३ पासून चल्लघट्टापासून व्हाइटफील्डपर्यंत सलग धावते आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली पिवळी लाइन सिल्क बोर्डवरून थेट इलेक्ट्रॉनिक सिटीत नेते. सिल्क बोर्डच्या चौकात पावसात अडकलेल्या माणसाला हे वाक्य पुन्हा सांगावं लागत नाही.

दुचाकी असेल तर रेनकोट बारा महिने डिकीत, पँटसकट. नुसतं वरचं जॅकेट घेणारे लोक ऑफिसात पंख्याखाली उभे असतात. पाऊस आला की सगळे दुचाकीवाले उड्डाणपुलाखाली किंवा मेट्रोच्या खांबांखाली थांबतात. तिथे थांबायला हरकत नाही, पण रस्ता अडवून थांबू नका, मागून येणाऱ्याला काहीही दिसत नसतं.

दोन गोष्टींत मात्र हयगय नको.

अंडरपासमध्ये पाणी दिसलं तर गाडी वळवा. समोरची कार गेली म्हणून आपलीही जाईल, असं नसतं. २१ मे २०२३ ला अशाच एका दुपारच्या पावसात के. आर. सर्कलच्या अंडरपासमध्ये एका कुटुंबाची गाडी पाण्यात अडकली आणि एका तरुण मुलीचा जीव गेला. विधानसौध म्हणजे इथल्या विधानभवनापासून हाकेच्या अंतरावर, शहराच्या ऐन मध्यात. पाणी किती खोल आहे ते आत उतरल्यावरच कळतं.

दुसरी गोष्ट झाडं. या शहराची शान म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे गुलमोहर, वर्षावृक्ष, गुलाबी टॅबेबुया. लालबागचे जर्मन अधीक्षक क्रुंबिगेल यांनी एकामागून एक फुलत राहतील अशा बेताने झाडं लावण्याची कल्पना इथे रुजवली आणि आजही जानेवारीपासून मेपर्यंत कुठलं ना कुठलं झाड फुललेलं असतं. पण त्यांच्या मुळांभोवती आता डांबर आणि काँक्रीट आहे. पहिल्या दोन-तीन वळिवांत फांद्या पडतात, कधी अख्खं झाड. एप्रिल-मेमध्ये गाडी सावलीला लावायचा मोह होतो. तीनपर्यंत लावा, मग काढा. विजांचा अंदाज घ्यायला दामिनी अ‍ॅप आहे, पुण्यातल्या पाषाणच्या हवामान संस्थेने तयार केलेलं. पावसाच्या आकड्यांसाठी कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राचं मेघसंदेश अ‍ॅप बघा. वीज गेली तर बेस्कॉमचा, म्हणजे इथल्या वीज कंपनीचा, क्रमांक १९१२.

घर बघताना: उतार, वरचा मजला, पाणी

भाडं आणि ऑफिसचं अंतर सगळेच बघतात. हवामानासाठी आणखी तीन गोष्टी बघायच्या असतात आणि त्या दलाल सांगत नाही.

पहिली उतार. बंगळुरूला मोठी नदी नाही. शहर वसवणाऱ्या केंपेगौडांच्या काळापासून आणि त्याआधीपासूनही इथे तलाव बांधत गेले. एक तलाव भरला की त्याचं जादा पाणी राजकालुवे नावाच्या मोठ्या नाल्यातून खालच्या तलावात, तिथून त्याच्या खालच्या. शहर एका उंच कण्यावर बसलेलं आहे. त्याच्या पश्चिमेचं पाणी अर्कावतीमार्गे कावेरीला मिळतं, पूर्वेचं दक्षिण पिनाकिनीला. बेळ्ळंदूर आणि वर्तूर हे पूर्वेकडच्या साखळीच्या शेवटाला असलेले मोठे तलाव. वरचं सगळं तिकडेच येतं. नेमक्या त्याच खोलगट पट्ट्यात आयटी कंपन्या आणि त्यांच्या माणसांची घरं उभी राहिली. ४ सप्टेंबर २०२२ च्या रात्री शहरात १३१.६ मिलिमीटर पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सर्जापूर रोडवरची माणसं ट्रॅक्टरमध्ये उभी राहून ऑफिसला निघाली. कोट्यवधींचे बंगले आणि मातीच्या झोपड्या एकाच पाण्यात होत्या. ते वर्ष इथल्या नोंदींतलं सर्वाधिक पावसाचं ठरलं.

वस्तीचं नाव वाचा. केरे, कट्टे, कुंटे, संद्र अशी शेपटी असेल तर तिथे कधीतरी पाणी होतं. संद्र हे समुद्राचंच झिजलेलं रूप मानतात, मोठ्या तलावाला समुद्र म्हणायची पद्धत होती. कोरमंगलाजवळ एस. टी. बेड लेआउट नावाची चांगली वस्ती आहे. त्यातला एस. टी. म्हणजे आपली लाल गाडी नव्हे. श्रीनिवागिलु टँक, म्हणजे तलाव. आणि बेड म्हणजे तळ. तलावाच्या तळात घर घेतल्यावर पाणी आलं तर दोष कुणाला द्यायचा? मॅजेस्टिकचा मुख्य बसस्टँडही धर्मांबुधी तलावात आहे आणि कंठीरव स्टेडियम संपंगी तलावात. म्हणजे अशा जागी राहूच नये असं नाही, शहराचा मोठा भाग असाच आहे. तळमजला घेऊ नका, एवढंच.

घर बघायला जायचं ते मोठा पाऊस झाल्याच्या दुसऱ्या सकाळी. शेजारच्या बंगल्यांच्या कुंपणावर मातीची आडवी रेघ आहे का बघा. फाटकाच्या तळाशी लोखंडी फळी सरकवायच्या खाचा केलेल्या दिसल्या तर त्या मालकाला अनुभव आलेला आहे. किराणा दुकानाचा ओटा रस्त्यापासून किती उंच आहे ते बघा. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारा, "इल्लि नीरु निल्लुत्ता?" इथे पाणी साचतं का? त्याची हातगाडी वर्षानुवर्षं तिथेच असते. आम्हाला पहिल्या घराच्या मालकाने शपथेवर सांगितलं होतं की या गल्लीत पाणी येत नाही. गल्लीत नाही आलं. तळघरातल्या पार्किंगमध्ये आलं, माझी स्कूटर सीटपर्यंत बुडाली आणि विजेची मीटरं तिथेच असल्यामुळे दोन दिवस अंधार. त्यामुळे तळघरात उतरून मीटर कुठे आहेत ते बघितल्याशिवाय आता मी आगाऊ रक्कम देत नाही.

दुसरी गोष्ट वरचा मजला. इथली सावली गार आणि ऊन कडक. उंचीमुळे ऊन थेट लागतं, पण झाडाखाली गेलात की लगेच बरं वाटतं. याचा अर्थ असा की गच्चीच्या लगेच खालचं घर मार्च ते मे रात्री अकरापर्यंत तव्यासारखं तापलेलं राहतं, आणि त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर पातळ चादर लागते. पश्चिमेला मोठी खिडकी असेल तर जाड पडदे आधी घ्या, एसीचा विचार नंतर. जुने लोक सांगतात की इथे पंखे नव्हते. खरं असेल, पण ती कौलारू घरं आणि ती बागशाही आता उरलेली नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये महिनाभर पाऊस झाला नाही आणि २८ तारखेला पारा ३८.५ वर गेला, तेव्हा कुलर मिळणं मुश्कील झालं होतं. गच्चीखालचंच घर परवडत असेल तर मेऐवजी जूनमध्ये शिफ्ट व्हा, नऊ महिने तरी सुखाचे जातील.

गच्चीवर सोलर हीटर जवळपास प्रत्येक इमारतीत दिसेल. जानेवारीत त्याचं पाणी हात भाजेल इतकं कढत येतं. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभर सूर्य दिसत नाही तेव्हा तेच पाणी कोमट. सोबत विजेचा गीझर आहे का, हे आधीच विचारा.

तिसरी गोष्ट नळ. आभाळातून पाणी पडतं म्हणून नळाला येतं असं नाही. शहराचं पिण्याचं पाणी कावेरीतून, सुमारे शंभर किलोमीटर लांबून, पंपांनी वर चढवून आणतात. २००७ साली महापालिकेत आलेल्या बाहेरच्या ११० गावांत कैक वर्षं ते पोचलंच नव्हतं, सगळा भार बोअरवेलवर. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला आणि मार्च २०२४ मध्ये हजारो बोअर कोरड्या पडल्या. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजार रुपये दंड लागू झाला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, त्यामुळे चित्र पालटतं आहे, पण प्रत्येक सोसायटीने जोडणी घेतली आहे असं नाही. विचारायचे प्रश्न हे: कावेरीची जोडणी आहे की नुसती बोअर? कावेरीचं पाणी आठवड्यातून किती दिवस येतं? संप केवढा आहे? मार्चमध्ये टँकर किती लागले आणि त्याचे पैसे भाड्यात धरलेत की वेगळे? शेवटच्या प्रश्नावर मालक जरा थांबला तर समजून जा. पाणीपुरवठ्याची तक्रार १९१६ वर.

कपडे

फार काही लागत नाही. सुती कपडे, एक हलकं जॅकेट जे बारा महिने ऑफिसच्या खुर्चीवर राहील, आणि घडीची छत्री. जाड स्वेटर गावीच ठेवा, आईला वाईट वाटेल पण ठेवा. चामड्याचे बूट आणि पट्टे ऑगस्ट ते ऑक्टोबर कपाटात बंद राहिले तर त्यावर बुरशीची पांढरी साय येते, अधूनमधून वाऱ्यावर काढा. जून-जुलैचा वारा एवढा जोराचा असतो की ऊन नसलं तरी कपडे वाळतात. फक्त चिमटे मोजून लावा.

नाक आणि डास

नव्याने आलेल्या बऱ्याच जणांना पहिल्या वर्षी शिंका सुरू होतात. फुलांचे पराग, बांधकामाची धूळ, पहाटेचा गारवा, सगळं एकत्र. रिकाम्या प्लॉटवर पांढऱ्या बारीक फुलांचं ओळखीचं गवत दिसेल. तेच ते, आपलं गाजर गवत. इथेही त्याला काँग्रेस म्हणतात. दमा असेल तर औषध बदलायची वाट न बघता आल्या आल्या इथला डॉक्टर गाठा.

डेंगीचा मोसम मेच्या पावसापासून सुरू होतो. उघडीप आणि सर यांचा लपंडाव डासांच्या पथ्यावर पडतो, कारण कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचतं आणि दोन ऊन पडल्यावरही आटत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने डेंगीला साथरोग म्हणून अधिसूचित केलं. खिडक्यांना जाळी नसेल तर घरमालकाशी करारावर सही करण्यापूर्वी बोला. नंतर तो फोन उचलत नाही.

नोव्हेंबर ते जानेवारी

दिवाळीनंतर सकाळचा अंदाज बघताना शहराचं नाव टाकण्याऐवजी चेन्नईची बातमी वाचा. उपसागरात कमी दाब झाला, तो तमिळनाडूच्या किनाऱ्याकडे आला, की इथे वीज-गडगडाट न होता दोन-तीन दिवस झड लागते. मुसळधार नाही, पण सूर्य गायब, दिवसाचा पारा वीस-बावीसच्या वर चढत नाही, आणि हाडात शिरणारा गारठा. वर्षातला सगळ्यात थंड दिवस जानेवारीच्या पहाटेपेक्षा अशाच एखाद्या डिसेंबरच्या दुपारी भेटतो. २०२४ च्या डिसेंबरात फेंगल वादळाने हेच केलं. जानेवारीच्या कोरड्या रात्रीचा विक्रम जुना आहे, १८८४ सालचा ७.८ अंश. आता दहाच्या खाली जायची आशा ठेवू नका.

या दिवसांत पहाटेचं विमान असेल तर तिकीट काढताना विचार करा. देवनहळ्ळीचा विमानतळ शहराच्या उत्तरेला उघड्या माळावर आहे आणि डिसेंबर-जानेवारीत पाच ते आठच्या मध्ये तिथे धुकं उतरतं. पुण्याला लग्नाला निघालेली आमची एक मंडळी मंगलाष्टकांच्या वेळी इथेच रांगेत बसून होती. दहानंतरचं विमान घ्या. धुकं बघायचंच असेल तर नंदी हिल्स आहे, पहाटे साडेचारला निघा, कानटोपी तिथे उपयोगाला येते.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत दोड्ड बसवण्णाच्या, म्हणजे मोठ्या नंदीच्या, देवळापाशी शेंगदाण्यांची जत्रा भरते, कडलेकायि परिषे. रस्ताभर भुईमुगाच्या शेंगांचे ढीग, भाजलेल्या, उकडलेल्या, कच्च्या. जत्रा झाली की थंडी आली असं इथे धरतात. मग बाजारात येते अवरेकायि, म्हणजे आपल्या पावट्याची भावकी. डिसेंबर-जानेवारीत तिचा मेळाच भरतो, पूर्वी तो व्ही. व्ही. पुरमच्या खाऊगल्लीत भरायचा, डोशापासून जिलबीपर्यंत सगळ्यात अवरे. शेंगा विकत घेताना मूठभर उचलून हात नाकाशी न्या. दव खाल्लेल्या शेंगेचा तेलकट, उग्र वास बोटांना लागला पाहिजे. त्या वासाला इथे सोगडु म्हणतात. वास लागला नाही तर पुढच्या गाडीवर जा, आणि सकाळी आठच्या आत जा, कारण ऊन चढलं की तो वास उडून जातो.